डिमेन्शियाच्या रुग्णासाठी पुरवलेल्या केअरटेकरसंबंधी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
घरगुती रुग्णसेवा संस्था, सांगली

विषय : केअरटेकरची वारंवार बदली, प्रशिक्षणाचा अभाव आणि डिपॉझिटचा परतावा

महोदय,

विश्रामबागेतील आमच्या घरी माझ्या ७८ वर्षांच्या आईसाठी आपण गेल्या महिन्याच्या ४ तारखेपासून बारा तासांच्या ड्युटीवर केअरटेकर पुरवीत होता. आईला अल्झायमर आहे. सांगली-मिरजेत तीन ठिकाणी चौकशी करून मी आपली निवड केली, ती दरामुळे नव्हे (तो तिघांत सर्वांत जास्त होता), तर ‘एकच बाई कायम येईल आणि तिला डिमेन्शियाच्या रुग्णांचे प्रशिक्षण असेल’ असे आपल्या प्रतिनिधीने आमच्या घरी बसून सांगितले म्हणून. हे लेखी घेतले नाही, ही माझी चूक.

पहिल्या आठवड्यात आलेल्या मावशींबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आई निवृत्त शिक्षिका. दिवस कलला की ‘शाळा सुटली, मला घरी जायचंय’ म्हणत ती दाराशी उभी राहते. मावशी तिच्याशी वाद न घालता ‘निघूया की, आधी एवढ्या घड्या घालून घेऊ’ म्हणून टॉवेलांची टोपली पुढे ठेवीत, आणि चार घड्या होईपर्यंत आई शांत होई. आठव्या दिवशी आपण त्यांना आम्हाला न कळवता कोल्हापूरच्या रुग्णाकडे पाठवले आणि पुढच्या सोळा दिवसांत चार नव्या बायका पाठवल्या. ‘आमच्याकडे माणसं बदलतातच’, हे आपल्या कार्यालयाचे उत्तर. आईला कोणाचे नाव आठवत नाही, परंतु सवयीचा हात तिला कळतो. आंघोळीच्या वेळी परक्या बाईने हात लावला की ती घाबरून ओरडते.

चौथ्या बाईंच्या वेळी तर कहर झाला. सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी जवळजवळ तसाच दिसला, म्हणून विचारले, तेव्हा ‘पाणी कमी दिलं की सारखं बाथरूमला न्यावं लागत नाही’ असे त्यांनी सहज सांगितले. दोन दिवसांनी आई मलाही ओळखेना. तपासणीत लघवीचा संसर्ग निघाला. अशा रुग्णांत संसर्गाचे पहिले लक्षण ताप नसून अचानक वाढलेला गोंधळ असू शकतो, हे मला डॉक्टरांकडून कळले. आपल्या प्रशिक्षित माणसांना ते आधीच ठाऊक असायला हवे होते.

तरी १५,००० रुपयांचे डिपॉझिट आणि महिन्याच्या आगाऊ रकमेपैकी न वापरलेल्या दिवसांचे पैसे परत करावेत, तसेच चारही बायकांच्या प्रशिक्षणाचे दाखले आणि पोलीस पडताळणीच्या प्रती १५ दिवसांत पाठवाव्यात. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.

पावत्या, हजेरीची वही आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
(सही)
विश्रामबाग, सांगली