दुरुस्तीच्या वर्गणीबद्दल, सविस्तर

डोंबिवली पूर्व
७ मार्च

प्रिय नितीन,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "एकदम एवढे पैसे? आणि माझं घर तर बंदच आहे रे." तेव्हा मागे पंपवाला ताटकळत उभा होता, त्यामुळे धड बोलता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर हे हिशेब समोर ठेवूनच सांगायला हवं. म्हणून पत्र.

लहानपणी आपल्या मोठ्यांना एका गोष्टीचा अभिमान होता: आजूबाजूच्या सगळ्या सोसायट्यांत मेंटेनन्स आपला सर्वांत कमी. तुझे बाबा आणि माझे बाबा, दोघंही समितीवर होते. पै न् पै जपणारी माणसं. खजिनदार झाल्यावर मी सगळी जुनी दप्तरं उघडली, तेव्हा हिशेबात एक रुपयाही इकडचा तिकडे सापडला नाही. पण त्याच दप्तरांत आजच्या वर्गणीचं कारणही आहे.

उपविधींनुसार, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीनुसार, दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी, किमान ०.२५ टक्के गोळा करायचा असतो. बांधकाम खर्च कुठला, तर इमारत बांधली तेव्हाचा, म्हणजे आपल्या बाबतीत १९८७ चा. समज, तेव्हा तुझ्या घराचा खर्च सत्तर हजार धरला. म्हणजे दुरुस्तीचे ५२५ आणि सिंकिंगचे १७५, दोन्ही मिळून वर्षाला ७०० रुपये. महिन्याला साठही नाहीत. चोवीस घरांचे वर्षाचे १६,८००. सर्वसाधारण सभेला जास्त दर ठरवायचा अधिकार कायम होता, पण सिमेंट, सळई, मजुरी सगळं कितीतरी पटींनी वाढत गेलं तरी आपला आकडा जागचा हलला नाही. त्यातून दोन वेळा रंग झाला, टाकी दुरुस्त झाली आणि शिल्लक संपली. आपण वाचवलं असं आपल्याला वाटत होतं, प्रत्यक्षात आपण फक्त पुढं ढकललं. आज मागतोय ती रक्कम त्या सगळ्या वर्षांची आहे.

स्ट्रक्चरल ऑडिटचं, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचंही तेच झालं. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढे दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं, असं उपविधीच सांगतात. आपलं पहिलं ऑडिट गेल्या पावसाळ्यानंतर झालं.

अहवाल आला तो जाडजूड. आधी वाटलं, सभेत वाचून दाखवावा. मग आपल्या इंजिनिअर बाईंनी सुचवलं की वाचू नका, सगळ्यांना माझ्याबरोबर फिरवा. एका रविवारी सकाळी जवळजवळ प्रत्येक घरातून कुणी ना कुणी खाली आलं आणि आम्ही पार्किंगपासून गच्चीपर्यंत निघालो. बाईंच्या हातात एक साधी हातोडी. कॉलमवर ठोकलं की जिथं काँक्रीट शाबूत आहे तिथं टणक आवाज, आणि जिथं आतून सुटलंय तिथं पोकळ. पोकळ आवाज आला की खडूनं गोल करायचा. थोड्या वेळानं मुलंच ठोकायला लागली आणि मोठी माणसं गप्प झाली. डक्टकडच्या, म्हणजे पाइपांच्या उभ्या बोळाकडच्या बाजूला तर खडू संपला.

बाईंनी कारणही समजावलं. डक्टमधले सांडपाण्याचे पाइप वर्षानुवर्षं झिरपत होते, सांध्यांतून पिंपळ उगवलेले. ते पाणी काँक्रीटमध्ये मुरतं, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून फोडते. फुटलेल्या जागेतून आणखी पाणी. आपण मात्र दर वेळी वरून गिलावा करून रंग मारला. आता सुटलेलं काँक्रीट काढून, सळया घासून गंजरोधक लावायचं, गरज आहे तिथं नवी सळई जोडायची, पॉलिमर मॉर्टरनं भरायचं आणि दोन कॉलमना जॅकेटिंग करायचं, म्हणजे बाहेरून नवं मजबूत आवरण घालायचं. पण त्याच्या आधी डक्टचे सगळे पाइप बदलायचे, नाहीतर पुन्हा तेच.

सभेत वाद झालेच. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, गच्ची गळते ती तिसऱ्या मजल्यावर, मी का भरू? त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, मग उपविधी वाचून दाखवला: गच्ची आणि बाहेरच्या भिंती सोसायटीच्या, एकाच्या न्हाणीघरातून खालच्याकडे गळलं तर ते त्या सदस्याचं. पण त्यांना पटलं ते उपविधीमुळे नाही. सर्वांत जास्त खडूचे गोल त्यांच्या खिडकीबाहेरच्या कॉलमवर होते, आणि तीन मजल्यांचं ओझं तोच पेलतो हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

काही जणांचं मत होतं की रीडेव्हलपमेंट येणारच आहे, तर पैसे कशाला घालवायचे? हा प्रश्न रास्त आहे, तूही विचारशील. २०१९ च्या शासन निर्णयानुसार एकूण सदस्यांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते, ती कदाचित मिळेलही. पण जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही. बिल्डरनं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून देणारा दस्त, कधी दिलंच नाही. २००८ च्या कायदादुरुस्तीमुळे जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरशिवायच जमीन नावावर करून घेण्याचा अर्ज करता येतो. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मोटरमन काका त्याच्याच मागे आहेत. प्रत्येक घराचा करारनामा, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, सातबारा, सगळं त्यांनी दारोदार आणि कचेऱ्यांतून फिरून जमवलं. त्यांचे उपकार फेडता येणार नाहीत. पण ते होऊन, बिल्डर ठरून, घरं रिकामी होईपर्यंत आणखी किती पावसाळे जातील? तोवर माणसं याच कॉलमवर राहणार आहेत.

शेवटी ठराव एकमताने झाला. वर्गणी क्षेत्रफळानुसार, चोवीस हप्त्यांत. ज्यांना जमतंय ते एकरकमी भरताहेत, त्यामुळे सुरुवातीचं भांडवल उभं राहिलं. ज्यांचं फक्त पेन्शनवर चालतं त्यांच्याशी अध्यक्षांनी घरी जाऊन बोलणं केलं. थकबाकीवर सरळव्याजानं २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं, पण या वर्गणीला ते लावायचं नाही असं ठरलं. थकबाकीदारांची नावं नोटीस बोर्डावर लावायची नाहीत, हा माझा आग्रह होता आणि तो सगळ्यांनी मानला. मात्र खर्चाचा कागद दर शनिवारी जिन्यात लागतो, बिलांच्या प्रतींसह. लोक उभं राहून वाचतात, प्रश्न विचारतात. मला ते फार आवडतं.

कामावर देखरेखही आपणच करतो. निविदा सभेत सगळ्यांसमोर उघडल्या. काम जेवढं मोजलं जाईल तेवढेच पैसे, म्हणून रोज संध्याकाळी दोन घरांची पाळी असते: टेप धरायचा, मोजमाप वहीत लिहायचं, रसायनाचे डबे मोजायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा सळई न घासताच मॉर्टर लावताना पाहिलं आणि तिथल्या तिथं काम थांबवलं. तेवढा भाग पुन्हा काढायला लावला. कंत्राटदाराची पाच टक्के रक्कम आपण पावसाळा संपेपर्यंत अडकवून ठेवणार आहोत.

आता तुझ्या घराविषयी. सेवाशुल्क सगळ्या घरांना सारखंच असतं, घर बंद असो वा उघडं. वॉचमन, जिन्यातले दिवे, झाडलोट यांचा खर्च बंद घरामुळे कमी होत नाही. बंद घराला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे घर भाड्यानं दिल्यावरचा जादा आकार, लागत नाही. उद्या भाडेकरू ठेवलास तर लागेल, तोही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. हे तुला कुणी चुकीचं सांगू नये म्हणून लिहिलं.

पण माझी काळजी वेगळी आहे. तुझ्या न्हाणीघराच्या खाली, पहिल्या मजल्यावरच्या छताला ओल आली आहे. पाइप बदलताना तुझ्याकडून आत गेल्याशिवाय सांधा जोडता येणार नाही. आणि तुझे बाबा गेल्यापासून तू नावाच्या बदलाचा अर्ज दिलेला नाहीस. त्यांनी नॉमिनेशन तुझ्या नावे केलंय, मी रजिस्टर पाहिलं. अर्ज, मृत्यूचा दाखला, शेअर सर्टिफिकेट एवढं दे. वारसाच्या नावे करताना प्रीमियम, म्हणजे सोसायटीचं हस्तांतराचं शुल्क, लागत नाही. आधी तात्पुरता सदस्य म्हणून नोंद होईल, पुढचं वारसाचं काम सावकाश होऊ दे. नाहीतर तुझ्याच घराबद्दल ठराव होत राहतील आणि तुला मत नसेल. ते मला बरं वाटत नाही.

डक्टचं काम एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्या बाजूला येतंय. गच्चीचं वॉटरप्रूफिंग मेअखेर संपवून पाणी भरून चाचणी घ्यायची आहे. डक्टचं काम तुमच्याकडे येण्याआधी नागपूरहून दोन दिवस काढून ये. जमलंच नाही तर किल्ली कुणाबरोबर तरी पाठव. प्लंबर आत असेपर्यंत मी स्वतः तिथं थांबेन आणि फोटो पाठवीन. अर्जाचा कोरा नमुना या पत्रासोबत जोडला आहे. सही तीन ठिकाणी आहे, पेन्सिलीनं खूण केली आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत