बोर्ड पावसाळ्याआधी बदलून घेऊ

मिरज, १४ मे

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले तुमच्या घरातल्या विजेच्या बोर्डाचे फोटो काल रात्री मोठे करकरून पाहिले. डावीकडून तिसऱ्या किटकॅटभोवती, म्हणजे तार घालायच्या जुन्या फ्यूजभोवती, लाकडावर अर्धचंद्रासारखा तपकिरी डाग आहे. तुला तो जुन्या वार्निशचा वाटला असेल, पण तो भाजल्याचा आहे. आणि गिझर चालू असताना तिथे मासे करपल्यासारखा वास येतो, हे तू जाता जाता बोललीस. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. बॅकेलाइट, म्हणजे विजेच्या सामानाचं ते जुनं कडक प्लास्टिक, तापलं की तसाच वास येतो. फोनवर अर्धं बोलणं राहून जातं, म्हणून लिहितोय. जावईबापूंनाही वाचायला दे.

आधी तुमच्या इलेक्ट्रिशियनचं. सकाळी फ्यूज उडतो, तर त्या जागी ३२ अँपियरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, टाकून देतो म्हणाला ना? ते अजिबात करू देऊ नकोस. एमसीबी भिंतीतल्या तारेच्या रक्षणासाठी असतो. तारेला सोसेल त्याच्या आत तो पडला पाहिजे. तुमची बिल्डिंग १९८८ ची. पॉवरची ती लाइन १५ अँपियरच्या हिशोबाने ओढलेली आहे. तिच्यावर ३२ चा एमसीबी बसवला तर तो पडणारच नाही आणि तार प्लास्टरच्या आत तापत राहील. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते.

आता तुझा हिशोब बघ. गिझर २००० वॉटचा, म्हणजे पावणेनऊ अँपियरच्या आसपास. इंडक्शनही तेवढंच. दोन्ही एकदम लागले की सतरा-साडेसतरा. तेवढ्या करंटलाही १५ चा किटकॅट लगेच उडायला नको. त्याची तार आकड्याच्या जवळजवळ दुप्पट करंट गेल्याशिवाय सहसा वितळत नाही, हाच त्याचा मोठा दोष. तरी तुमच्याकडे उडतो, याचा अर्थ त्या किटकॅटची पितळी पकड सैल झाली आहे. सैल जागा तापते, त्या तापाने तार लवकर जाते आणि लाकूड भाजतं. नवीन तार घालून हे बरं होणार नाही. हा बोर्ड संपलाय.

तुला आठवत नसेल, १९९४ च्या गौरी-गणपतीत आपलं घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि फ्यूज सारखा उडत होता. मी तेव्हाही कारखान्यात वायरमनच होतो, मला सगळं कळत होतं. तरीही सणापुरतं म्हणून मी फ्यूज तार दुहेरी पिळून घातली. लाइट जायची थांबली आणि मी निर्धास्त झालो. तिसऱ्या दिवशी दुपारी आई तुझ्या अंगावर पांघरूण घालायला गेली, तर तिचा हात भिंतीवरच्या लाकडी पट्टीला लागला. पट्टी तव्यासारखी तापली होती. मी मेन स्विच पाडून पट्टी उचकटली, तर वीतभर वायरचं रबर जळून नुसती उघडी तांब्याची तार उरली होती. त्याच्याखाली तू झोपली होतीस, चार वर्षांची. ती पट्टी मी अजून टाकलेली नाही, माळ्यावर आहे. त्यानंतर कुणाच्याही घरी मी फ्यूजमध्ये जाड तार घालून दिलेली नाही.

जुना झाला म्हणून प्रत्येक बोर्ड बदलायचा, असंही माझं म्हणणं नाही. मागच्या वर्षी आपल्याकडचा एक एमसीबी वर करून राहत नव्हता. त्या लाइनवरचं सगळं काढून पाहिलं, तरी पडत होता. खटका झिजला होता. तेवढा एक बदलला, बाकीचा बोर्ड ठणठणीत आहे. पावसाळ्यात आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की पडणारा स्विच, पडतो म्हणून लोक बोर्डाला दोष देतात. तेव्हा बहुतेक वेळा भिंतीत ओल शिरलेली असते किंवा गिझरची कॉइल गेलेली असते, आणि आरसीसीबी आपलं काम करत असतो. पण भाजल्याची खूण, वास, सुर्रर्र आवाज, एमसीबीच्या एका स्क्रूखाली कोंबलेल्या दोन-तीन वायरी, आतला गंज, यातलं काही दिसलं की मग वाट बघायची नाही.

तुमच्या बोर्डात आणखी एक गोष्ट मला खुपते. न्यूट्रललाही किटकॅट आहे. पूर्वी तसं करत. तो उडाला की पंखा, दिवा बंद पडतो, माणसाला वाटतं लाइट गेली, पण फेज तिथे जिवंत असते. आणि आरसीसीबी तर तुमच्याकडे नाहीच. घरात रांगतं मूल आहे, ताई. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी अंगातून करंट जायला लागला की डोळ्याची पापणी लवायच्या आत पुरवठा तोडतो. फक्त त्याच्यावर ओव्हरलोडचा भरवसा ठेवायचा नाही, त्यासाठी एमसीबी लागतातच.

नवीन बोर्ड बारा वेचा, म्हणजे बारा जागांचा घेऊ, पत्र्याचा, दोन दारांचा. दोन-तीन जागा रिकाम्या ठेवू. गिझरला अडीच स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर आणि १६ चा एमसीबी. इंडक्शनलाही तसंच. एसीला चार एमएम आणि २० चा. दिव्यांना जुनी वायर चालते का, ते मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावल्यावर कळेल. ५०० व्होल्टला एक मेगओहमच्या खाली आकडा आला, तर तीही ओढून काढायची. कुठे अॅल्युमिनियमची निघाली तर विचारायलाच नको. जुन्या वायरीवर नवा बोर्ड बसवून समाधान मानायचं नाही, खर्च वाढला तरी. पैशाचं मी बघतो.

काम लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्यायचं आणि टेस्ट रिपोर्ट मागून घ्यायचा. बिलावर मंजूर भार किती लिहिलाय, त्याचा फोटो पाठव. एसी धरून तो कमी पडत असेल तर वाढवून घ्यावा लागेल. मीटरच्या सीलला कुणालाही हात लावू देऊ नकोस.

मी शुक्रवारच्या महालक्ष्मीने निघतोय, शनिवारी पहाटे कल्याणला उतरेन. मेगर आणि माझी पिशवी बरोबर आणतो. तोवर गिझर लावूच नकोस, अंघोळीचं पाणी गॅसवर तापव. बाळाचा पाळणा बोर्डाच्या भिंतीपासून आजच हलव. रात्री झोपताना मेन स्विच बंद केलात तरी चालेल, दोन-तीन रात्री उकाडा सोसा. पाळणा हलवलास की मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझे,
बाबा