विमानं मोडायचं काम

डेल्फ्ट

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

कुणी विचारलं की "मुलगी विमानं बनवते" असं सांगून तुम्ही मोकळे होता. माझं काम उलटं आहे. विमानाचा एखादा भाग कधी, कुठून आणि का मोडेल ते आधी गणिताने सांगायचं, मग तो मोडून बघायचा.

एम.टेक.ला ॲल्युमिनियम होतं. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये दाब चढतो, उतरताना जातो. असं हजारो वेळा झालं की रिव्हेटच्या भोकाशी तडा धरतो. 1954 मध्ये दोन कॉमेट (ब्रिटिश प्रवासी जेट) विमानं हवेत फुटली, तेव्हा इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात तसल्याच विमानाची बॉडी टाकीत बुडवून पाण्याने दाब दिला. हवा भरली असती तर फाटताना स्फोट होऊन पुरावाच उडाला असता. आधीची उड्डाणं धरून 3057 फेऱ्यांनी ती फाटली. आमच्या क्षेत्रात याहून शहाणा प्रयोग मला माहीत नाही.

पीएचडीला मात्र कार्बन फायबर घेतलं, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचे थर राळेने चिकटवून केलेलं कंपोझिट. बोइंग 787 च्या ढाच्याचं जवळपास निम्मं वजन कंपोझिटचंच आहे. धातूला पोचा पडला की दिसतो. इथे मेकॅनिकच्या हातून पाना पडला तर वर जेमतेम खूण, आणि आत थर सुटलेले. मी गोल टोकाचं पोलादी वजन प्लेटवर सोडायचे, मग अल्ट्रासाउंडने स्कॅन करायचे. वरून नखाएवढी खूण, पण स्कॅनमध्ये मागच्या थरांकडे पसरत गेलेला मोठा डाग. मग तीच प्लेट कडांकडून दाबायची. आधी बारीक करकर, मग एकच मोठा आवाज, की संपलं. ओढताना हे साहित्य बरंच सोसतं. दाबताना सुटलेले थर बाहेर वाकतात आणि ताकद झपाट्याने जाते. अख्खा प्रबंध एवढ्या एका वाक्यावर उभा आहे, पण हे परीक्षकांना सांगू नका.

आता नोकरीत पंखांचं बघते. विमानाच्या आयुष्यात येऊ शकेल त्या कमाल भाराच्या दीडपट भार पंखाने निदान तीन सेकंद पेलला पाहिजे, असा नियम. 1995 मध्ये बोइंग 777 चा पंख चाचणीत 1.54 पटीला मोडला. लोकांना वाटतं, दुपटीला मोडला असता तर आणखी छान. छे! ते जादा वजन विमानाने जन्मभर वाहायचं.

आईला म्हणावं, येताना खिडकीतून पंख वर वाकलेला दिसेल, घाबरू नकोस, तो वाकायलाच हवा. तिकिटाच्या तारखा कळवा, म्हणजे रजा टाकते.

तुमची,
वैशाली