सुई टोचण्याआधी मराठीत सांगा

महोदय,

बावीस वर्षे मी ब्लाउज शिवते. मान सदा खाली, त्यामुळे मानदुखी आमच्या पाचवीलाच पुजलेली. बाम, शेक, पट्टा सगळे करून झाले. गेल्या पावसाळ्यात खांद्यापासून कानामागे कळ चढू लागली, तेव्हा एका फिजिओथेरपिस्टनी ड्राय नीडलिंग, म्हणजे दुखऱ्या स्नायूत कोरडी सुई टोचण्याचा उपचार, सुचवले.

सुई पाहून हसूच आले. माझ्या मशीनची चौदा नंबरची सुई ०.९ मिलिमीटर जाड, ही जेमतेम पाव मिलिमीटरची! तिच्यातून औषध जात नाही, म्हणून ती कोरडी. दिसायला ॲक्युपंक्चरचीच, पण इथे टोचायची जागा ठरते ती स्नायूतल्या दुखऱ्या गाठीवरून. गाठीत नेमकी शिरली की स्नायू आपोआप फडफडतो. दोन दिवस जागा ठणकली, तिसऱ्या दिवशी मान वळली.

गुण आला, नाही म्हणणार नाही. पण महिन्याभरात दुखणे परत आले. या उपचाराचा आराम बहुधा थोड्याच काळाचा, तेवढ्यात व्यायाम करून मान बळकट करायची असते, हे मला नंतर कळले. व्यायामाचा कागद तोवर बटणांच्या डब्यात पडून होता. ती चूक माझीच.

तक्रार वेगळी आहे. सही घेतलेला फॉर्म इंग्रजीत होता. नर्स असलेल्या भाचीने तो घरी वाचून दाखवला. खांद्याच्या स्नायूखालीच फुप्फुसाचे टोक असते; सुई खोल गेली तर फुप्फुसाभोवती हवा साठू शकते. असे क्वचितच होते, पण अमेरिकेचा स्कीपटू टोरिन येटर-वॉलेस याला २०१३ मध्ये ते भोगावे लागले. धाप किंवा छातीतली कळ काही तासांनीही सुरू होऊ शकते. मी तर गॅस झाला म्हणून ओवा खाल्ला असता.

रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हेही कुणी विचारले नाही. मी घेत नाही, पण माझ्यानंतर आत गेलेल्या आजी घेत असतील तर?

सुई बंद करा असे माझे म्हणणे नाही; गरज पडली तर मी पुन्हा टोचून घेईन. फक्त सही घेण्याआधी अर्धे पान मराठीत द्या, मोठ्या अक्षरांत. आणि रात्री धाप लागली तर कुठल्या दवाखान्यात धावायचे, तेही त्यावर लिहा.

– एक वाचक, इचलकरंजी