द्राक्षांच्या वाटेचा ‘डिजिटल ट्विन’ हवा

संपादक महोदय,

२०२३च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि पुढच्याच हंगामात न्हावा शेवाहून युरोपला निघालेली आमची द्राक्षं सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून गेली. प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला, भाडं वाढलं. पण खरी कोंडी निर्णयांची होती. तोडणी थांबवायची का? थांबवली तर मणी मऊ पडतात. केली तर रॉटरडॅमला पोचेपर्यंत देठ सुकून तपकिरी होतात. पॅकहाउसवाले, निर्यातदार, आम्ही, सगळेच फोनवर अंदाज बांधत होतो.

मोठे उद्योग अशा वेळी ‘डिजिटल ट्विन’ वापरतात. म्हणजे मालाच्या सगळ्या साखळीची, रोजच्या नोंदींवर चालणारी संगणकातली प्रतिकृती. मार्ग बंद पडला तर काय होईल, हे तिच्यात आधीच करून बघता येतं. अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या ‘ग्रेपनेट’ या ऑनलाइन नोंदप्रणालीवर आमच्या प्लॉटची आणि रेसिड्यू (फळातले औषधांचे अंश) तपासणीची नोंद आहेच. तिला शीतगृहातली जागा, रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरचं तापमान, जहाजांचं वेळापत्रक जोडा. मग कोणता माल युरोपला, कोणता आखातात आणि कोणता बेदाण्याला, हे तोडणीआधी ठरवता येईल. हे चित्र निर्यातदारापुरतं न ठेवता बागायतदारालाही मोबाइलवर दिसलं पाहिजे. कात्री लावायची की नाही, हे शेवटी आम्हालाच ठरवावं लागतं.

— एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी (जि. नाशिक)