काका, ती पेन्सिलची रेघ अजून तशीच आहे

काका, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं" करून ठेवूनच देता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. आता ठेवा बघू फोन.

तुम्ही भेटायच्या आधी मी एकदा फसले होते. ३२ ओहमच्या (ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा) साध्या हेडफोनसाठी अँप, म्हणजे आवाज वाढवणारा डबा, घ्यायला गेले तर विकणारा आधी विचारतो, "कोणासाठी घेताय, भावासाठी का?" मग वॉट सांगत बसला, जितके वॉट जास्त तितका आवाज भारी म्हणे, आणि छान नारिंगी उजेड पडणारा, काचेच्या ट्यूबवाला डबा गळ्यात मारला. घरी आणून लावला तर गाणं सुरू व्हायच्या आधीच हूंऽऽ, आणि बास असा फुगलेला की गायक घागरीत तोंड घालून गातोय असं वाटावं. परत घ्या म्हटलं तर "तुमचा कान अजून तयार नाही." माझाच कान! वर्षभर मी खरंच तसं समजून चालत होते हो.

मग सेनहायझरचा एचडी ६५० हेडफोन हातात आला. २००३ सालचं मॉडेल, ३०० ओहमचा. आणि पुन्हा तोच घोळ, कोण म्हणतं मोठा अँप नसेल तर हा हेडफोन कपाटात ठेव, कोण म्हणतं चायनीज वस्तूला हात लावू नकोस. तुम्ही पहिले माणूस ज्यांनी विचारलं, "ऐकतेस काय? आणि आत्ता फोनचा आवाज कितीवर असतो?" बास, एवढंच. इतक्या लोकांशी बोलले पण हे कोणालाच सुचलं नव्हतं.

तुम्ही कागदावर गणित मांडून दाखवलंत, माझा डोंगल, म्हणजे फोनला हेडफोन जोडायचा तो छोटा तुकडा, जास्तीत जास्त १ व्होल्ट देतो, ३०० ओहमवर म्हणजे जेमतेम ३ मिलीवॉट, आणि तेवढ्यात बहुतेक गाणी मजेत वाजतात! पॉवर दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. आणि तो ट्यूबवाला डबा वाईट नव्हता, त्याचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अँपचा स्वतःचा आतला अडथळा, जास्त होता, तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी हवा, ३२ ओहमला म्हणजे ४ च्या आत. म्हणजे कान ठीक होता, जोडी चुकली होती. हे ऐकून मला रडू आलं ते तुम्ही बघितलंत आणि न बघितल्यासारखं केलंत, त्याचेही आभार.

चायनीजवरून मी नाक मुरडलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मोजमाप बघ, पासपोर्ट कशाला बघतेस?" मग सांगितलंत की फिओ ही ग्वांगझूची कंपनी २००७ पासून हेच करतेय, त्यांच्या के७ या डब्यातलं अँपचं सर्किट टीएचएक्स या अमेरिकन कंपनीचं आहे, डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारा भाग, आतच असल्यामुळे दुसरा डबा लागत नाही, आणि खोक्यावरचे ते २००० मिलीवॉट ३२ ओहमचे, तेही बॅलन्स्ड म्हणजे दोन्ही कानांना वेगवेगळ्या तारा देणाऱ्या, जास्त ताकदीच्या जोडणीवरचे, ३०० ओहमला आकडा बराच खाली येतो, त्याला भुलू नकोस. विकायला बसलेल्या माणसाने हे शेवटचं वाक्य कधी उच्चारलं असतं का?

आणि वर स्वतःचा के७ आठवडाभर माझ्याकडे ठेवलात. मल्टीमीटर लावून डोंगल आणि अँपचा आवाज सारखा करून दिलात, कारण जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, आणि मला अँपकडे पाठ करून बसवलंत. रोजच्या गाण्यांमध्ये मला काडीचा फरक कळला नाही. मी ओशाळले, तुम्ही खूश! म्हणालात, "फरक नाही तर घेऊ नकोस." मग ते जुनं, हळू आवाजातलं आलापीचं रेकॉर्डिंग लावलं, जिथे डोंगल पूर्ण वर नेऊनही कमीच पडायचा. अँपवर नॉब थोडा फिरवला आणि तानपुरा खोलीत आला. त्यासाठी घेतला मी, तेवढ्यासाठीच, आणि पश्चात्ताप शून्य.

पण काका, खरी गोष्ट वेगळीच आहे. माझा नवा के७ आला त्या दिवशी तुम्ही खिशातून पांढऱ्या कागदी टेपचा तुकडा काढलात, नॉबच्या बाजूला चिकटवलात, हेडफोन स्वतःच्या कानाला लावून दोन-तीनदा मागेपुढे केलंत, आणि पेन्सिलने एक बारीक रेघ ओढलीत. खाली लिहिलंत, "इथवरच." मी हसले तर म्हणालात, आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, त्यापुढे कान उधारीवर चालतो, आणि अँपला ताकद आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही.

वस्तू विकणारे भरपूर भेटले, ज्ञान पाजळणारे तर त्याहून जास्त. पण वस्तू घेऊन झाल्यावर, आता तुमचा काही संबंध उरलेला नसताना, माझ्या कानाची काळजी करणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. असा चांगुलपणा गाजावाजा करत नाही म्हणून आपल्याला वाटतं तो संपलाय. मला तरी वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

नॉबभोवती त्या लाईटची झगमगती कडी आहे ना, तिच्या शेजारी ती मळकी टेप अगदी विजोड दिसते. येणारा प्रत्येक जण विचारतो काढू का. हात लावू देत नाही मी. परवा एकदा रेघेच्या पुढे गेले होते, कबूल करते, एकच गाणं, मग आणला मागे.

आणि हो, तुमच्या मल्टीमीटरची लाल वायर माझ्याकडेच राहिलीय. रविवारी घेऊन येते, त्या निमित्ताने तो ट्यूबवाला डबाही आणते, तुमच्याकडच्या कुठल्यातरी ३०० ओहमवाल्याला लावून बघू.