वाचनालयाचा संगणक वाचवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आभार फोनवरही मानता आले असते. पण तुम्ही जे दाखवून गेलात, ते लिनक्सचा संगणक आणि केबलचं इंटरनेट वापरणाऱ्या कुणाच्याही कामाला येईल, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

आमचं वाचनालय 'ब' वर्गातलं, अनुदानावर चालणारं. धड चालणारा संगणक एकच, त्यावर डेबियन (विंडोजऐवजी वापरतात त्या लिनक्सचाच एक प्रकार) आणि कोहा (पुस्तकांची नोंद आणि देवघेव सांभाळणारी प्रणाली). दाखल नोंदवहीतलं एकेक पुस्तक आम्ही हाताने कोहात भरलं आहे. त्याच संगणकावर गावातली मुलं स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरतात. कोहा याच यंत्रावर असल्याने पुस्तकांची देवघेव अडत नव्हती. हाल व्हायचे ते या मुलांचे. नेट जायचं, आपोआप यायचं, पुन्हा जायचं. फी भरण्याच्या पायरीवर पान अडकलं की पैसे कापले गेले की नाही, या काळजीने मुलं रडकुंडीला यायची.

राउटरच्या वायफायवर सगळ्यांचे मोबाइल मात्र सुरळीत चालत. त्यामुळे जो तो संगणकाकडे बोट दाखवायचा. दुरुस्तीला आलेल्या माणसाने तर केबलला हातही न लावता सांगून टाकलं, लिनक्स काढा आणि विंडोज टाका. कोहा विंडोजवर थेट चालत नाही. म्हणजे सगळी नोंद दुसरीकडे हलवायची, नाहीतर सोडून द्यायची. कार्यकारिणीत तशी चर्चाही सुरू झाली होती. नेमक्या त्याच सुमारास तुम्ही सुट्टीला गावी आलात.

"नेट गेलं म्हणजे कुठवर गेलं?" हा तुमचा पहिला प्रश्न. तोवर कुणीच तो विचारला नव्हता. तुम्ही दोन टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडक्या, उघडलेत. एकातून आपल्याच राउटरला पिंग (म्हणजे पुन्हा पुन्हा हाक मारून उत्तर येतं का ते पाहणं), दुसऱ्यातून बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला. फक्त बाहेरचं उत्तर थांबलं तर दोष राउटरच्या पलीकडे. दोन्ही एकदम थांबली तर अलीकडे, आपल्याच खोल्यांत. आणि दोन्ही चालू असून संकेतस्थळं उघडत नसतील तर डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सोय) तपासायचं. थोड्याच वेळात दोन्ही खिडक्या एकाच क्षणी गप्प झाल्या. सेवा पुरवणाऱ्यांना फोनवर फोन करणं तिथेच थांबलं.

मग जर्नलसीटीएल या आज्ञेने कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, नोंद उघडलीत. 'लिंक इज डाउन', काही सेकंदांनी 'लिंक इज अप', आणि दोन्हींच्या आधी वेळ. त्या ओळींचा अर्थ तुम्ही नीट समजावलात. लिंक म्हणजे केबलवरची जोडणी. ड्रायव्हर (संगणकातलं नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्राम) अडकतो तेव्हा पुष्कळदा लिंक जोडलेलीच दिसते, पण डेटा पुढे सरकत नाही, आणि नोंदीत 'नेटडेव्ह वॉचडॉग'ची तक्रार येते. ती ओळ आमच्याकडे कुठेच नव्हती. इथे कार्डाला केबलवरचा सिग्नलच मिळेनासा होत होता. तरी वीज वाचवण्याच्या सोयीमुळेही काही कार्डांची लिंक तुटते, म्हणून तुम्ही इथटूल या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या साधनाने ती सोय बंद करून पाहिलीत. फरक पडला नाही, तर लगेच होती तशी चालू केलीत. एका वेळी एकच बदल, आणि निरुपयोगी ठरला तर तो मागे घ्यायचा. तुमची ही शिस्त मला सगळ्यात भावली. आधी येऊन गेलेल्यांनी केलेले बदल कुठे कुठे राहिलेत, हे आम्हाला अजून सापडतं आहे.

त्यानंतर तुम्ही लिंक तुटल्याच्या साऱ्या वेळा एका कागदावर उतरवून घेतल्यात. सकाळी वर्तमानपत्रं वाचायला माणसं येतात तेव्हा दाटी, दुपारी तुरळक, संध्याकाळी पुन्हा दाटी. संगणक रात्रभर चालू ठेवला तर बंद वाचनालयात एकदाही लिंक तुटलेली नाही. माणसं नसताना न होणारा बिघाड! तुम्ही कागद खाली ठेवलात, उठलात, आणि कार्यालयाचं दार जरा जोरात लोटलंत. पडद्यावर 'लिंक इज डाउन'ची ओळ उमटली.

राउटर कार्यालयात, संगणक बाहेरच्या दालनात, आणि मधली केबल दाराच्या चौकटीतून काढलेली. दार लागलं की ती दाबली जायची. इतकं समोर असूनही तुम्ही तिथे थांबला नाहीत, याचं मला फार कौतुक वाटलं. गिगाबिट (म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट) वेगाला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच, नारिंगी आणि हिरवी. म्हणून कार्ड १०० च्या वर जाणार नाही असं इथटूलने ठरवून दिलंत आणि दार पुन्हा आपटलंत. लिंक हलली नाही. म्हणजे दोष निळ्या किंवा तपकिरी जोडीत. हे करताना ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी आपसांत वेग ठरवणं) बंद करायचं नाही, कार्डाने फक्त १०० चाच वेग जाहीर करायचा, नाहीतर एका टोकाला फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) आणि दुसऱ्या टोकाला हाफ (आळीपाळीने) होऊन नवाच घोळ होतो, हेही बजावलंत. एका अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. त्या संध्याकाळी मुलांनी त्याच १०० मेगाबिटवर, तुटलेल्या केबलवरून, सगळे अर्ज भरले. त्यांच्या आईवडिलांच्या वतीनेही तुमचे आभार मानते.

खात्रीसाठी दुसरी केबल दोन खोल्यांमधल्या खिडकीतून आणून जोडलीत. वेग गिगाबिटवर, दार कितीही आपटा, लिंक शाबूत. जुनी केबल चौकटीपाशी सोलली तेव्हा वरचं आवरण थोडं चेपलेलं होतं आणि आत तपकिरी तार तुटलेली. टोकं एकमेकांना टेकली की चालू, सुटली की बंद. भिंतीत कायम बसवायच्या केबलमध्ये एकेरी तांब्याची तार असते, ती सतत वाकणं सोसत नाही, हे मला तेव्हा कळलं.

नवी केबल दाराच्या वर भोक पाडून, केसिंग पट्टीतून नेलीत. दोन्ही टोकांना आरजे ४५ (नेटच्या केबलचा प्लग) क्रिम्प करताना, म्हणजे दाबून बसवताना, रंगांचा क्रम माझ्याकडून म्हणून घेतलात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसरं टोक मलाच करायला लावलंत. मजुरीचा विषय काढला तर तुम्ही बालविभागासाठी पुस्तकं घ्यायला सांगितलंत. ती घेतली आहेत.

लिनक्स काढण्याचा विषय कार्यकारिणीत पुन्हा निघाला नाही. शेजारच्या गावच्या वाचनालयातही नेट असंच जायचं. तिथल्या ग्रंथपालांना मी तुमच्या दोन पिंग फोनवरून सांगितल्या. त्यांच्याकडे राउटरचं उत्तर चालू राहिलं आणि बाहेरचं तेवढं थांबलं. मग वेळा लिहून त्यांनी सेवा पुरवणाऱ्यांकडे लेखी तक्रार केली, माणूस थेट खांबावर चढला आणि तिथला जोड बदलून गेला. तुमचे आभार त्यांनीही कळवायला सांगितले आहेत.

आपली कृतज्ञ,
ग्रंथपाल